आडनावाशिवायचा आवाज

मराठी वाचकाला टोपणनावाचे अप्रूप नाही. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने समाजाचे वाभाडे काढणारी पत्रे येऊ लागली, तेव्हा ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातले इतक्या उघडपणे लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, या प्रश्नाने मोठी खळबळ उडाली. त्या नावामागच्या मालतीबाई बेडेकर मात्र पुढे कितीतरी काळ पडद्याआड राहिल्या. ‘ललित’ मासिकातला ठणठणपाळ साहित्यिकांची रेवडी उडवत असे आणि तो जयवंत दळवी निघाला म्हणून कुणाचे काही बिघडले नाही. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला, नाव न देता काही सांगणे म्हणजे त्यात काहीतरी काळेबेरे असणार, असे वाटण्याचे कारण नाही. तरीही नाव न देता बोलायला सुरुवात केल्यावर माझ्या लक्षात आले की या परंपरेचा आधार इथे फार पुरणारा नाही. लोकहितवादींचे हस्ताक्षर छापखान्यापलीकडे कुणाला दिसत नव्हते. पॉडकास्टमध्ये हस्ताक्षरच थेट ऐकणाऱ्याच्या कानात जाते.

माझ्या पॉडकास्टचे नाव इथे देणार नाही, हे ओघाने आलेच. विषय मात्र सांगता येईल. घरात दीर्घकाळ अंथरुणावर असलेली वृद्ध माणसे आणि त्यांना सांभाळणारे इतर, यांच्याविषयीच्या या गप्पा आहेत. महिन्याकाठी लागणाऱ्या डायपरचा खर्च, रात्रीच्या आयाबाई अचानक यायच्या बंद झाल्यावर होणारी त्रेधा, परदेशातल्या भावाने व्हिडिओ कॉलवर दिलेल्या सूचना, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांनी आपल्याच मुलीला ‘बाई, तुम्ही कोणाकडे आलात?’ असे विचारणे. यातली कोणतीच गोष्ट एकट्या सांगणाऱ्याची नसते. माझ्या घरातल्या ज्या व्यक्तीच्या आजारपणातून हे बोलणे सुरू झाले, ती व्यक्ती आज होकार किंवा नकार देण्याच्या स्थितीत नाही. माझे नाव सांगितले की तिचे नाव आपोआप सांगितले जाते, आणि मग तिच्या अंगावरच्या जखमांचे, तिच्या भ्रमाचे, तिने संतापून दिलेल्या शिव्यांचे वर्णन हे एका ओळखीच्या, कधीकाळी चारचौघांत मान असलेल्या बाईंचे वर्णन होऊन बसते. माझ्या निनावीपणामागे धाडस वगैरे काही नाही. ज्यांना विचारता येत नाही त्यांच्या वतीने घेतलेली ही खबरदारी आहे.

निनावी राहून ऑनलाइन काही करण्याविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक हेरकथेत शोभणारे असतात. इंटरनेटवरचा आपला माग लपवायला व्हीपीएन घ्या, टॉर ब्राउझर वापरा, वेगळा फोन ठेवा. ज्यांच्या मागे सत्ता किंवा गुंड लागले आहेत त्यांना हे सगळे हवेच, त्याची टवाळी करण्याचा हेतू नाही. पण माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत खरा धोका मावसभावाचा आहे. तो गाडी चालवताना काहीतरी ऐकत असतो, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा उघडतो, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्या मनात येते, ‘अरे, हा आवाज तर आपला.’ कोणत्याही व्हीपीएनला मावसभाव अडवता येत नाही. तेव्हा निनावी राहायचे ठरवताना पहिला प्रश्न ‘कसे’ हा नसून ‘कुणापासून’ हा आहे. शासनापासून, कंपन्यांपासून, अनोळखी श्रोत्यांपासून, सोसायटीतल्या लोकांपासून आणि नात्यागोत्यापासून एकाच वेळी लपणे कुणालाच जमत नाही, आणि यातल्या प्रत्येकापासून लपण्याच्या युक्त्या निराळ्या आहेत.

अनोळखी श्रोता सर्वांत निरुपद्रवी, पण सर्वांत चौकस. पत्रे येतात त्यांत बोलण्याचे कौतुक असते आणि शेवटी हळूच एक ओळ असते : आपण मूळचे कुठले? काही जण अधिक सरळ असतात आणि आडनाव विचारतात. आपल्याकडे आडनाव विचारण्याचा अर्थ काय, हे विचारणाऱ्याला कळत असते आणि ज्याला विचारले त्यालाही. एकदा आडनाव कळले की गाव कळते, गावावरून जात कळते, आणि मग तेच वाक्य दोन वेगळ्या वजनांनी ऐकले जाते. ‘आईला वृद्धाश्रमात ठेवण्याचा विचार आला’ या कबुलीकडे एका आडनावाच्या माणसाच्या बाबतीत शहरी कोरडेपणा म्हणून पाहिले जाईल आणि दुसऱ्याच्या बाबतीत गरिबीची लाचारी म्हणून. आडनाव गाळल्यामुळे श्रोत्याला त्या वाक्याजवळच थांबावे लागते, त्याच्या मागे दडता येत नाही. निनावीपणाचा हा लाभ सुरुवातीला माझ्या हिशेबात नव्हता. आता तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पण आडनाव गाळले तरी बोली गाळता येत नाही. कोथिंबिरीला सांबार म्हटले की वऱ्हाड उघडा पडतो, ‘काय करून राहिला’ म्हटले की नागपूर. कोकणातला माणूस वाक्याच्या शेवटी सूर कुठे सोडतो, हे ठाण्याच्या पलीकडे वाढलेल्याला लगेच कळते. यावर उपाय म्हणून अनेक जण प्रमाण भाषेचा आसरा घेतात, आणि मग तो आवाज कोणाचाही न राहता आकाशवाणीच्या बातम्यांचा होतो. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याने बातम्यांच्या भाषेत बोलू नये, असे माझे मत आहे. म्हणून बोलीतला सूर मी ठेवला आणि गावे बदलली, नद्या बदलल्या, दवाखान्यापर्यंतचे अंतर बदलले. चतुर श्रोत्याला जिल्हा कळेल. तालुका कळू नये एवढीच अपेक्षा.

मराठीच्या व्याकरणाची गोष्ट तर याहून अडचणीची आहे. इंग्रजीत बोलणाऱ्याला ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतून निवड करावी लागत नाही. आपल्याला दर दुसऱ्या वाक्याला स्त्री की पुरुष ते जाहीर करावे लागते. पॉडकास्टमध्ये आवाजावरून ते कळतेच, असे कुणी म्हणेल. पण सॉफ्टवेअरने आवाज कितीही जाड किंवा बारीक केला तरी क्रियापदाचा प्रत्यय जागचा हलत नाही, ही खरी मेख आहे. हा लेख इथवर वाचणाऱ्याने हवे तर मागे जाऊन पाहावे. ‘मी ठरवले’, ‘माझ्या लक्षात आले’, ‘मला वाटते’ अशा रचनांवर मी निभावून नेले आहे. लिहिताना हे जमते, कारण खोडता येते. माणूस थकलेला असताना, रात्री अकरानंतर, मनापासून बोलू लागला की असे जपून बोलणे अशक्य होते, आणि जमले तरी ते ऐकवत नाही.

आवाज बदलण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. बातम्यांमध्ये साक्षीदाराचा आवाज राक्षसासारखा घोगरा केलेला आपण ऐकतो आणि आपली समजूत होते की आता तो ओळखू येणे शक्य नाही. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा फक्त स्वराची पट्टी खाली ओढलेली असते, आणि जी पट्टी खाली ओढता येते ती तेवढीच वर सरकवून मूळ आवाजाच्या बरेच जवळ जाता येते. त्यासाठी फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. माणूस ओळखू येतो तो केवळ पट्टीवरून नाही. कंठापासून ओठांपर्यंतच्या पोकळीची घडण, श्वास घेण्याच्या जागा, शब्दावर येण्याआधीचे अडखळणे, ‘म्हणजे’ आणि ‘खरं तर’ यांची पेरणी, हसण्याची सुरुवात, असे पुष्कळ काही त्यात असते. मावसभाव नेमके हेच ओळखतो.

शिवाय खोली बोलत असते. खिडकीबाहेरून येणारी लोकलची उद्घोषणा, एसटी स्थानकाचा भोंगा, ठरावीक वेळी होणारी आरती किंवा अजान, शेजारच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा, यांतून पत्ता तयार होतो. हे ऐकू येणारे आवाज झाले. ऐकू न येणाऱ्या आवाजांत मला विजेच्या गुणगुणीचे नवल वाटते. आपल्या घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झच्या आसपासचा असतो, पण नेमका ५० कधीच नसतो. मागणी आणि पुरवठ्याच्या ताणाताणीत तो क्षणाक्षणाला किंचित खालीवर होत राहतो, आणि भारतात तो ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा असा नियम आहे. ही गुणगुण चार्जरमधून, पंख्यातून, ट्यूबलाइटच्या चोकमधून रेकॉर्डिंगमध्ये उतरते. वीजजाळ्याच्या भार प्रेषण केंद्रांकडे त्या चढउतारांची नोंद असते, आणि रेकॉर्डिंगमधली गुणगुण त्या नोंदीशी ताडून पाहून ते केव्हा केले गेले हे सांगण्याचे तंत्र न्यायवैद्यक तज्ज्ञ वापरतात. गंमत अशी की ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वारंवारता वाहते आहे. त्यामुळे माझ्या रेकॉर्डिंगमधल्या गुणगुणीवरून वेळ कदाचित कळेल, पण मी अकोल्यात आहे की पणजीत हे सहजी कळणार नाही. सोलापूरच्या त्या वाहिनीने माझ्यावर केलेला हा उपकार आहे. अर्थात, एका घरगुती पॉडकास्टसाठी इतका खटाटोप कुणी करणार नाही. मी लॅपटॉप बॅटरीवर चालवून रेकॉर्डिंग करत असे ते केवळ गुणगुण कमी व्हावी म्हणून, गुप्ततेचा तो अनपेक्षित आनुषंगिक फायदा.

यापेक्षा कितीतरी साध्या जागी माणसे सापडतात. पॉडकास्ट ज्या आरएसएस फीडमधून सगळ्या ॲपवर पोहोचतो (आद्याक्षरांवरून कुणी भलताच अर्थ घेऊ नये), त्या फीडमध्ये मालकाचे नाव आणि ईमेल पत्ता यांसाठी रकाना असतो, आणि ती फीड साध्या मजकुरासारखी कुणालाही उघडून वाचता येते. भागाचे मुखचित्र म्हणून मोबाइलवर काढलेला फोटो जसाच्या तसा लावला, तर त्यात काढण्याची जागा अक्षांश-रेखांशांसह साठवलेली असू शकते. २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी हे सॉफ्टवेअर उद्योगातले बडे प्रस्थ पोलिसांना चुकवत फिरत होते, तेव्हा एका नियतकालिकाने त्यांच्यासोबतचा फोटो मोठ्या फुशारकीने छापला, आणि त्या फोटोच्या पोटातल्या माहितीनेच ते ग्वाटेमालात असल्याचे जगाला सांगितले. एमपी-३ फाइललाही असेच पोट असते. त्यात रेकॉर्डिंग करणाऱ्या संगणकावरचे वापरकर्त्याचे नाव शांतपणे बसलेले असू शकते. नवे इन्स्टाग्राम खाते उघडताना आपला नेहमीचा मोबाइल क्रमांक दिला की ते खाते आपल्याच नातेवाइकांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून सुचवले जाण्याची शक्यता असते. मावसभाव पुन्हा आलाच.

आणि पैसा. निनावीपणाची खरी परीक्षा इथे होते, आणि भारतात ती अधिक कठीण आहे. श्रोत्यांना मदत करायची असते. आपण यूपीआयचा क्यूआर कोड लावतो. पैसे पाठवणाऱ्याच्या पडद्यावर बँकेत नोंदवलेले पूर्ण नाव उमटते, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. यूट्यूबच्या जाहिरातींचे उत्पन्न ठरावीक रकमेपर्यंत पोहोचले की पत्त्याची खातरजमा करण्यासाठी गूगल घरच्या पत्त्यावर पिन क्रमांकाचे पाकीट टपालाने पाठवते, ते सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर येऊन पडते, आणि ‘तुमचं गूगलकडून काय आलंय?’ हा प्रश्न लिफ्टमध्ये विचारला जातो. पैसे घ्यायचे तर बँकेत नाव हवे, पॅन हवे, आणि ते योग्यच आहे. करचुकवेगिरीला निनावीपणाचा मुलामा नको. म्हणून माझ्या पॉडकास्टला उत्पन्न नाही. दर महिन्याचे होस्टिंगचे भाडे मी खिशातून भरत असल्यामुळे ही फुशारकी मारता येते. ज्यांना हे परवडत नाही त्यांना एक तर नाव सांगावे लागेल किंवा आपल्या वतीने पैसे घेणारा भरवशाचा माणूस शोधावा लागेल.

भरवशाचा माणूस म्हटले की मला ‘काँग्रेस रेडिओ’ आठवतो. निनावी ऑडिओ माध्यमाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच घडले आहे, पण पॉडकास्टच्या चर्चेत त्याचे नाव कुणी घेत नाही याचे मला आश्चर्य वाटते. ‘चले जाव’ आंदोलन सुरू झाल्यावर, २७ ऑगस्ट १९४२ रोजी, ४२.३४ मीटरच्या रेडिओलहरींवरून एक आवाज ऐकू येऊ लागला, आणि स्थानकाची ओळख एवढीच दिली गेली की हा काँग्रेस रेडिओ भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलत आहे. उषा मेहता तेव्हा जेमतेम बाविशीत होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षेपकाची जागा बदलत ठेवली. मुंबईतल्या एका घरातून दुसऱ्या घरात तो हलत राहिला. रेकॉर्डिंगची जागा वेगळी आणि प्रक्षेपणाची वेगळी, अशीही व्यवस्था होती. आष्टी आणि चिमूर इथे झालेल्या अत्याचारांचे जे तपशील सेन्सॉरच्या धाकामुळे वर्तमानपत्रांना छापणे कठीण होते, ते या रेडिओने सांगितले. पोलीस प्रक्षेपकाचा माग काढण्याच्या मागे होतेच. पण १२ नोव्हेंबर १९४२ रोजी चालू प्रक्षेपणावर छापा पडला, तो निव्वळ यंत्रांच्या जोरावर नव्हे. पोलिसांच्या हाती लागलेल्या, या रेडिओच्याच एका तंत्रज्ञाने जागा दाखवली. पुढे उषाबेनची महिनोन्महिने चौकशी झाली, शिक्षा झाली, १९४६ मध्ये सुटका झाली, आणि त्या चौकशीत त्या गप्प राहिल्या.

या एकाच प्रकरणात निनावीपणाचे सगळे शास्त्र आहे असे मला वाटते. एका माणसाच्या बोलण्याने सगळे उघडे पडले आणि दुसऱ्या माणसाच्या न बोलण्याने उरलेले वाचले. यंत्र दोन्ही वेळा दुय्यम होते. आपण जेव्हा ‘मी निनावी आहे’ असे म्हणतो, तेव्हा खरे तर तीन-चार जणांनी आपल्यासाठी तोंड मिटून ठेवलेले असते : संकलन करणारा मित्र, घरातली माणसे, कधी आवाज ओळखूनही न ओळखल्यासारखे करणारी शेजारीण. त्यांच्याकडून आपण मोठे काही घेत असतो आणि त्या बदल्यात त्यांना काही देत नाही. श्रेयही नाही, कारण श्रेय दिले की ते सापडतात.

पुढच्या काळातली प्रकरणेही हेच दाखवतात. २०१३ मध्ये रॉबर्ट गॅल्ब्रेथ या नवख्या लेखकाची रहस्यकथा म्हणजे जे. के. रोलिंग यांचे लेखन असल्याचे उघड झाले, तेव्हा शैलीची संगणकावर केलेली छाननी गाजली. कोणते बारीकसारीक शब्द किती वेळा येतात, हे मोजून लेखक ओळखण्याचे शास्त्र जुने आहे आणि विश्वासार्हही आहे. पण मुळात वर्तमानपत्राला संशय आला तो रोलिंगबाईंच्या वकिलांच्या संस्थेतल्या एका गृहस्थाने पत्नीच्या मैत्रिणीला विश्वासाने सांगितले आणि तिने ते ट्विटरवर टाकले म्हणून. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या निनावी ब्लॉगला ऑर्वेल पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच एका मोठ्या दैनिकाने त्याचे नाव छापले. न्यायालयाने त्याला संरक्षण नाकारले होते, कारण ब्लॉग लिहिणे ही मुळातच सार्वजनिक कृती आहे असे मत न्यायमूर्तींनी दिले. त्या दैनिकाच्या बातमीदाराने त्याच्या ईमेल खात्यात शिरकाव केला होता हे नंतर बाहेर आले. तोवर ब्लॉग पुसून टाकलेला होता. ज्या वाचकांना पोलीस ठाण्याची आतली बाजू प्रथमच दिसत होती, त्यांचे नुकसान कुणी भरून दिले नाही.

आपल्या देशातले एक उदाहरण मात्र मला वेगळ्या कारणाने खुपते. २००९ च्या आयपीएलमध्ये, सामने दक्षिण आफ्रिकेत चालू असताना, कोलकात्याच्या संघातला खेळाडू असल्याची बतावणी करून कुणीतरी आतल्या गोष्टी लिहू लागला आणि देशभर त्याची चर्चा झाली. २०१० मध्ये लेखक स्वतःच पुढे आला, तेव्हा कळले की तो क्रिकेटपटू नव्हताच. आपल्याला हसू येते. पण मधल्या काळात त्या संघातल्या खऱ्या खेळाडूंकडे संशयाने पाहिले गेले, त्याचे काय? निनावी माणूस स्वतः लपतो तेव्हा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांना उजेडात उभे करतो. माझ्या पॉडकास्टमधल्या हेकट भावाचे वर्णन ऐकून ज्यांना आपलाच भाऊ आठवतो, त्या घरांत काय होत असेल याचा विचार मला करावा लागतो. म्हणून कुणाही व्यक्तीवर, दवाखान्यावर किंवा डॉक्टरवर आरोप करायचा नाही, असा नियम मी घालून घेतला. ज्याला उत्तर देता येत नाही अशा जागेवरून कुणावर बोट रोखणे मला मंजूर नाही. त्याच न्यायाने औषधोपचाराचा सल्लाही द्यायचा नाही. ‘मी परिचारिका आहे’ किंवा ‘मी डॉक्टर आहे’ असे निनावी माणसाने सांगितले तर त्याची खातरजमा कोण करणार?

कायद्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. निनावी बोलणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र नाव लपवून धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार शिक्षा अधिक होते, आणि ते रास्त आहे. तपास यंत्रणेने कायदेशीर मागणी केली तर समाजमाध्यम कंपन्यांनी ७२ तासांत माहिती द्यावी, असे २०२१ चे नियम सांगतात, तेव्हा शासनापासून आपण निनावी आहोत अशा भ्रमात कुणी राहू नये. सरकारी नोकरीत असलेल्यांनी तर १९६४ चे केंद्रीय वर्तणूक नियम एकदा जरूर वाचावेत. शासनाच्या धोरणावर टीका करण्याची मनाई त्यांत स्वतःच्या नावाने, टोपणनावाने आणि निनावी अशा तिन्ही प्रकारांना लागू केलेली आहे. निव्वळ साहित्यिक किंवा कलाविषयक लेखनाला मात्र परवानगी लागत नाही. लोकहितवादी आज नोकरीत असते तर त्यांची पत्रे यातल्या कोणत्या सदरात मोडली असती, यावर चांगला वाद होऊ शकेल.

आता यंत्राने तयार केलेला आवाज वापरावा, असे मला पुष्कळ जण सुचवतात. मजकूर द्यावा, यंत्र वाचून दाखवेल, मावसभावाचा प्रश्नच मिटेल. मराठीतले असे आवाज आता बऱ्यापैकी झाले आहेत; ‘जग’ आणि ‘जगणे’ यांतला ज अजून अधूनमधून चुकतो, पण तेही सुधारेल. माझा विरोध उच्चारासाठी नाही. आपल्या वडिलांना नळीने अन्न भरवण्याविषयी बोलताना माणसाचा आवाज जिथे थांबतो, तिथे यंत्र थांबत नाही, आणि थांबायला शिकवले तर ती फसवणूक आहे असे मला वाटते. श्रोत्याने मला नाव विचारू नये. पण बोलणारा माणूस आहे याची खात्री त्याला असलीच पाहिजे, तेवढाच तर करार आहे. उलट बाजूचा धोकाही आहेच. तासन्‌तास प्रसिद्ध झालेल्या आवाजाची नक्कल आता कुणालाही करता येते, आणि उद्या कुणी माझ्या आवाजात भलतेच काही बोलून प्रसृत केले, तर ‘हे माझे नाही’ हे मी कोणत्या नावाने सांगायचे? नाव असलेल्या माणसाला निदान खुलासा काढता येतो. याचे उत्तर अद्याप माझ्यापाशी नाही.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र एक पद्धत बसवली आहे. ज्यांना स्वतःच्या आवाजात बोलायचे नसते त्यांच्याशी आधी फोनवर बोलायचे, ते लिहून काढायचे, गावे आणि नाती थोडी हलवायची, त्यांना वाचून दाखवायचे, मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचे आणि मग दुसऱ्या भागातल्या कुणा हौशी नटाकडून किंवा नटीकडून ते वाचून घ्यायचे. विदर्भातल्या एका बाई, ज्यांना मी काकू म्हणत असे, सासूबाईंच्या बारा महिन्यांच्या आजारपणाविषयी बोलण्यास तयार झाल्या, त्यांचा भाग याच पद्धतीने तयार झाला. पुण्यातल्या एका मुलीने तो फार समजून वाचला. काकूंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि त्यांना तो पसंत पडला नाही. “हे मी नाही बोलत बाप्पा,” त्या म्हणाल्या, “मी सासूला सासूबाई कवा म्हटलं? आमची बुढी म्हणते मी. तुमच्या या पोरीनं तर मला पार मास्तरीण करून टाकलं.” मी त्यांना सांगितले की तो शब्द ठेवला तर प्रदेश कळेल, सूर ठेवला तर बहुधा जिल्हाही कळेल, आणि त्यांची नणंद हा पॉडकास्ट ऐकते हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी बजावले होते. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. मग निरोप आला की ओळखले तर ओळखले, पण दुसऱ्याची भाषा तोंडी घालू नका.

तो भाग त्यांच्याच आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित झाला. गावाचे आणि दवाखान्याचे नाव तेवढे वगळले, बुढी आणि बाप्पा दोन्ही राहिले. नणंदबाईंनी तो ऐकला की नाही हे काकूंनी अजून कळवलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.